पांढरे डाग

राजिवडा, रत्नागिरी
रविवार, दुपार

प्रिय गोदा,

‘प्रिय’ लिहून बराच वेळ तशीच बसले होते. खोडावं असं मनात आलं. पण खोडून त्या जागी काय लिहायचं ते सुचेना, म्हणून राहू दिलं.

तुझे फोन येतात ते मला दिसतात. मी उचलत नाही. फोन बिघडलेला नाही आणि मी आजारीही नाही. फोनवर तू रडायला लागतेस, आणि तू रडायला लागलीस की मी तुझी समजूत काढायला लागते. आपली ओळख झाल्यापासून हे असंच चालत आलंय. आज मला कोणाची समजूत काढायची नाही. मला बोलायचंय, आणि मध्ये कोणी हुंदका दिलेला मला चालणार नाही. म्हणून पत्र. अंगणवाडीतली पोरं घरी गेली की एकटी बस आणि वाच. भागोजीदादांना लगेच दाखवू नकोस. शेवटपर्यंत वाचलंस की काय करायचं ते तुझं तुला कळेल.

आधी इकडची खबर. अद्नान बहरीनला परत गेला. बापाच्या चाळिसाव्यापर्यंत थांबला, मग त्याच्या साहेबाचे फोन सुरू झाले. ‘अम्मी, तू पण चल’ म्हणत होता. मी म्हटलं, तिकडे थंडगार खोलीत बसून भिंती बघू काय? शिवणक्लास पुन्हा सुरू केलाय. पोरी येतात, बाह्या उलट्या जोडतात, मी ओरडते, दिवस जातो. जेटीवरचे खलाशी अजून कुठल्या लाँचचं इंजिन बंद पडलं की सवयीनं दारात येतात, ‘अस्लमभाई हायत काय’ म्हणायला तोंड उघडतात, आणि मग आपल्याच चपलांकडे बघत उभे राहतात. मी आता त्यांचं नाव घेते, बघितलंस? लग्न झाल्यापासून ‘अद्नानचे अब्बा’च म्हणत आले. नाव घ्यायला लागले ती ते गेल्यावर.

तू काय बोललीस ते तुला आठवत तरी आहे का, कोण जाणे. गणपती पोचवून थोडेच दिवस झाले होते. मी बांगडे साफ करत होते, हात भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकून फळीवर उभा केला होता. तू लेकीच्या, ईशाच्या सोयरिकीचं सांगत होतीस. संदेशच्या आईनं साखरपुड्याची तारीख कशी पुढं ढकलली, वाडीतल्या बाया कशा कुजबुजतात, आरतीनंतर भागोजीदादांच्या हातचा प्रसाद घेताना लोकांनी हात कसे मागे घेतले. आणि मग तू म्हणालीस, ‘भाभी, एका अर्थी तुमचं बरं झालं. सुटलात एकदाच्या. आम्ही इथं रोज मरतोय.’ मी म्हटलं, दूध उतू चाललंय, ठेवते. चुलीवर दूध नव्हतंच, गोदा. मी मोरीत जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले, आणि बांगडे शेजारच्या मांजरीपुढे टाकले.

सुटलात! तू मला हे म्हणालीस. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. पण तू तिथं होतीस. मुंबईच्या त्या इस्पितळात सलाईनच्या खोलीबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर तूच बसलेली होतीस.

आठवतोय तो पहिला दिवस? समोर आपल्या दोघींचे नवरे बसलेले, दोघांचा एकेक पाय पट्टीत. अस्लमची डावी टाच कापून तिथं मांडीची कातडी लावलेली, आणि भागोजीदादांचा उजवा अंगठा काढलेला. बोलता बोलता कळलं की आम्ही रत्नागिरीचे आणि तुम्ही देवरुखच्या वरचे. अस्लम खुशीत आले. म्हणाले, ‘चला भागोजीभाई, आता दोघांत मिळून एक जोडी चप्पल बास झाली.’ त्या बाकावर पहिल्यांदा कोणी हसलं असेल तर ते आपण चौघं.

मेलॅनोमा हा शब्द त्याआधी आपल्यापैकी कोणी ऐकला होता? कातडीचा कॅन्सर. गोऱ्या लोकांना म्हणे तो उन्हानं होतो. आपल्याकडे बहुतेक तळपायाला, नखाखाली, जिथं ऊन पोचतच नाही अशा जागी येतो. अस्लमच्या टाचेवर काळा डाग उठला तेव्हा आम्ही समजलो, लाँचवर शिंगाळा माशाचा काटा लागलाय, त्याचंच रक्त आत साखळलंय. भागोजीदादांना चिरेखाणीत दगड लागला असेल असं तुम्ही समजलात. मग कोणी कुरूप म्हणालं आणि तुम्ही त्यावर बिब्ब्याचा चटका दिलात. जांघेत गाठ आली तेव्हा कुठं आपण जागे झालो. ऑपरेशनं झाली. आणि पुढच्या तपासणीत दोघांच्याही फुप्फुसात ठिपके निघाले. आजार सारखा, जिल्हा सारखा, वयही सारखंच. आपल्या दोघींत फरक असा काही नव्हताच तेव्हा.

मग डॉक्टरांनी ‘ट्रायल’ सुचवली. ‘म्हणजे आमच्यावर प्रयोग करणार?’ असं तू त्या मनस्वीला विचारलंस. ट्रायलमधल्या पेशंटांचं सगळं बघणारी, चष्मेवाली, सडपातळ पोरगी. ती चिडली नाही. तिनं आपल्याला समोर बसवून सांगितलं की हे औषध गाठीला स्वतः मारत नाही. आपल्या शरीराचे राखणदार असतात, त्यांना या गाठीनं झोपवलेलं असतं. औषध त्यांना उठवतं. पण उठलेला राखणदार कधी कधी घरच्याच माणसांवर धावून जातो. आतड्यावर, यकृतावर, फुप्फुसावर. त्यावर भागोजीदादा म्हणाले, ‘मग आमच्या वाडीचा राखणदार देव बरा. त्याला वर्षाला एक कोंबडा दिला की गप असतो.’ मनस्वीला हसू आवरेना.

तिनं हेही सांगितलं की एक इंजेक्शन ठरलेलं, ते सगळ्यांना मिळणार. त्याच्या जोडीला निम्म्या लोकांना नवं औषध आणि निम्म्यांना नुसतं खारं पाणी. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टरांनाही कळणार नाही. अस्लम म्हणाले, ‘खारं पाणी घ्यायला मुंबईला कशाला येऊ? माझ्या दाराशी समुद्र आहे.’ पण सही केली. सही करताना कॅमेरा लावला होता. सगळं नीट समजलंय का, मनात आलं तर कधीही सोडता येतं हे ठाऊक आहे का, असं एकेक विचारत होते. भागोजीदादांनी कॅमेऱ्यासाठी केसाला पाणी लावून भांग पाडला होता. तू त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलंस. मला ते सगळं काल झाल्यासारखं दिसतं, आणि दिसू नये असं वाटतं.

त्यानंतर दर तीन आठवड्यांनी आपण एकत्र जात राहिलो. तुम्ही एसटीनं स्टेशनवर येऊन थांबलेले असायचात. पहिल्या खेपेला मी डबा उघडला तेव्हा तू म्हणालीस, आज माझा उपास आहे. कसला उपास ते मला कळलं होतं. भागोजीदादांनी मात्र माझ्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी घेतली आणि तुझ्याकडे बघत बघत खाल्ली. पुढच्या खेपेला तू कुळथाची पिठी आणि भात घेऊन आलीस, माझ्या ताटात आधी वाढलंस आणि माझ्याच ताटात हात घातलास. तेव्हापासून मी तुला तू म्हणायला लागले. तू मात्र ‘भाभी’ सोडलं नाहीस.

पहिला स्कॅन झाला तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. दोघांचे ठिपके लहान झाले होते. दोघांचेही, गोदा. अस्लमचे जरा जास्तच. बाहेर आल्यावर तू मला मिठी मारलीस. तुझं कुंकू माझ्या कपाळाला लागलं आणि रत्नागिरीला उतरेपर्यंत मला पत्ता नव्हता. अस्लमना दिसलं होतं, पण त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, चांगलं दिसत होतं.

पुढचं तुला अर्धवट माहीत आहे. आज पूर्ण सांगते.

जुलाब सुरू झाले तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही, लगेच फोन करायचा, हे मनस्वीनं हजारदा बजावलं होतं. प्रत्येकाला कार्ड दिलं होतं खिशात ठेवायला. पण आपल्या डोळ्यांसमोर तो नाशिककडचा उंच माणूस ट्रायलमधून बाहेर काढला गेला होता. त्याचं यकृत सुजलं म्हणून औषध बंद केलं. तो जिन्याच्या पायरीवर बसून रडत होता आणि अस्लम त्याच्याकडे बघत होते. माणूस कशाला घाबरेल ते सांगता येत नाही. मरणाला घाबरणारे अस्लम नव्हते, ते त्या पायरीला घाबरले. स्वतःचे जुलाब सुरू झाले तेव्हा त्यांनी ते लपवले. मला म्हणाले, एका लाँचचं इंजिन पुरं उतरवलंय, चार दिवस तिकडेच झोपणार. मनस्वीचा फोन आला की तिला म्हणायचे, सब ठीक. शेवटी जेटीवर कोसळले. लोकांनी उचलून आणलं तेव्हा लुंगी रक्तानं भिजली होती.

इथल्या दवाखान्यात मी ते कार्ड दाखवलं. डॉक्टरनं वाचलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, खाण्यात काहीतरी आलंय, आधी सलाईन तर जाऊ दे. ते सलाईन जाण्यात एक अख्खा दिवस गेला. मग मीच मनस्वीला फोन लावला. ती फोनवर ओरडली, त्या डॉक्टरशी बोलली, आणि आम्ही ॲम्ब्युलन्सनं मुंबईला निघालो. तिथं त्यांना स्टेरॉइड चढवले. आतडं फाटता फाटता वाचलं. माणूस वाचला आणि औषध गेलं. डॉक्टर म्हणाले, आता हे इंजेक्शन पुन्हा कधीच देता येणार नाही. मी विचारलं, पहिल्याच दिवशी कळवलं असतं तर? ते म्हणाले, कदाचित लवकर आटोक्यात आलं असतं, कदाचित औषध पुढं चालू ठेवता आलं असतं, नक्की सांगता येत नाही. नक्की सांगता येत नाही, हे वाक्य मी रोज सकाळी उठून चूळ भरावी तसं तोंडात घोळवते आणि थुंकते.

आणि त्याच आठवड्यात तू वॉर्डमध्ये धावत आलीस. मला वाटलं, अस्लमना बघायला आलीस. तू भागोजीदादांचा हात पुढे ओढलास आणि मनगटावरचे पांढरे ठिपके दाखवलेस. ‘भाभी, कोड फुटलं हो! पोरीचं लग्न कसं व्हायचं आता?’ पलंगावर अस्लमना शुद्ध नव्हती. मी तुला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, डॉक्टर येईपर्यंत धीर दिला. डॉक्टर आले, त्यांनी तो हात उजेडात धरून बघितला आणि हसले. म्हणाले, मावशी, रडताय कशाला? राखणदार रंगाच्या पेशींवर तुटून पडलेत. हा आजार त्याच पेशींचा. बऱ्याचदा हे औषध लागू पडत असल्याचं लक्षण असतं. हमी नाही देता येत, पण मला तरी हे डाग बघून बरं वाटलं. तुझी समजूत पटली नाही. तू विचारलंस, औषध थांबवलं तर डाग जातील का? ते म्हणाले, बहुतेक जाणार नाहीत, आणि औषध थांबवायचा विचारसुद्धा करू नका. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, म्हणून लिहितेय. तू ऐकलं नाहीस असं म्हणू नकोस.

मी काय बघत होते ठाऊक आहे? मी अस्लमचे हात बघत होते. काळेसावळे, ग्रीस मुरलेले, सुया टोचून निळे पडलेले. त्यांच्यावर एकही पांढरा ठिपका नव्हता. पुढं कितीतरी दिवस मी त्यांना आंघोळ घालताना काखेत, मानेवर, कानामागे शोधत होते. तू ज्या डागांवरून रडत होतीस ते मी माझ्या नवऱ्याच्या अंगावर शोधत होते, गोदा.

ते उन्हाळ्यात गेले, आंबा संपता संपता. शेवटी आजार डोक्यात गेला होता. मला ओळखायचे नाहीत, लाँचवरचा हेल्पर समजायचे. म्हणायचे, ‘दहा-अकराचा पाना दे.’ मी चमचा दिला तर फेकून द्यायचे. मग मी त्यांची हत्यारांची पेटीच पलंगाखाली आणून ठेवली. मागतील तो पाना हातात द्यायचा, ते हवेत काहीतरी आवळायचे आणि ‘हां, आता चालू कर’ म्हणायचे. मी तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचे. बावन्न वर्षांची बाई मी, पलंगाशी बसून भटभट आवाज काढत होते. ते समाधानानं डोळे मिटायचे. तू याला सुटका म्हणतेस. असेल. पण सुटले ते, मी अजून इथंच आहे.

आणि त्यांना नवं औषध मिळत होतं की खारं पाणी, ते मला अजून ठाऊक नाही. ट्रायल पूर्ण होईल तेव्हा कोणाला काय दिलं त्याचं पाकीट उघडणार, म्हणजे दोनतीन वर्षांनी. मनस्वी म्हणाली, तेव्हा तुम्हाला कळवू. कळवा, म्हटलं. घाई कोणाला आहे.

तुझ्यावर मी चिडले आहे हे आतापर्यंत तुला कळलं असेल. पण एवढ्यासाठी मी पत्र लिहायला बसले नसते. चिडून गप्प बसणं मला जमतं. पुढचं सावकाश वाच.

परवा शुक्रवारी दुपारी ईशा माझ्याकडे आली होती. नर्सिंग कॉलेजातून तशीच, गणवेशात. तुला तिनं सांगितलेलं नाही, तिला रागावू नकोस. ती म्हणाली, बाबा मागच्या दोन खेपांना मुंबईला गेलेच नाहीत. मनस्वीचे फोनही घेत नाहीत. भातकापणी आहे म्हणतात, दसरा आहे म्हणतात. आणि आई म्हणते, राहू दे थोडे दिवस, गाठी तर गेल्यातच, डाग तरी निवतील, तोवर पोरीचं जमून जाईल. मी तिला विचारलं, तुझं काय म्हणणं? म्हणाली, ‘चाची, संदेशला माझ्याशी लग्न करायचं असेल तर तो आईला समजावेल, नाहीतर नाही. माझ्या लग्नासाठी बाबांनी मरायचं काय?’ पोरीचं डोकं तुझ्यापेक्षा ठिकाणावर आहे, गोदा.

पण ती एवढंच सांगायला आली नव्हती. भागोजीदादा डागांसाठी थांबलेले नाहीत. तुला तसं वाटतंय आणि त्यांनी तसं वाटू दिलंय. खरी गोष्ट त्यांनी शेतात भारे बांधताना लेकीला सांगितली. अस्लमनी आपले जुलाब एकाच माणसाला सांगितले होते, भागोजीदादांना. परतीच्या गाडीत, तू आणि मी झोपलेल्या असताना. आणि त्यांना ईशाची शपथ घातली की कोणाला बोलायचं नाही. पुढच्या वेळी मनस्वीनं भागोजीदादांना फोन केला, सहज विचारलं की अस्लमभाई कसे आहेत, तुमचं बोलणं होतं ना. तेव्हा ते म्हणाले, बरे आहेत. एवढेच दोन शब्द. अस्लम गेल्यावर ते मयतीला आले होते, कबरस्तानाच्या फाटकाशी लांब उभे राहिले, मला न भेटता निघून गेले. मला वाटलं, दुःखानं. ईशाला ते म्हणाले, ‘त्या माणसाला मी मारला. आता मी कुठल्या तोंडानं जाऊन तेच औषध टोचून घेऊ? त्याच्या वाटणीचं जगणं मी खातोय.’

हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहू? बसू दे घरी, असं आलं. येऊ दे पुन्हा गाठी. गोदाला कळू दे सुटणं म्हणजे काय असतं ते. ईशा समोर बसलेली होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी तिच्या बापाच्या मरणाचा विचार करत होते, आणि मला त्याची लाजसुद्धा वाटत नव्हती. मग ती उठली आणि म्हणाली, चाची, मी चहा ठेवते. माझ्या स्वयंपाकघरात जाऊन तिनं डबे शोधून चहा ठेवला, आणि आलं कुठाय म्हणून आतून विचारलं. तेवढ्या वेळात मी फोन घेतला आणि मनस्वीला लावला. मनस्वी म्हणाली, दोन खेपा चुकल्यात, आता आधी स्कॅन करू, डॉक्टर ठरवतील, पुढं चालू ठेवता येईल की नाही याचं वचन मी देऊ शकत नाही, पण त्यांना घेऊन या. लवकर या. ईशानं गुरुवारच्या गाडीचं तिकीट काढलंय, दोघांचं. ती कॉलेज बुडवून त्यांच्याबरोबर जाणार आहे. त्यांना घराबाहेर काढायचं काम तुझं, आणि त्यासाठीच मी हे लिहितेय. आता त्यांना हे पत्र दे. आणि सांग की नसीमाभाभीनं माफ केलेलं नाही. कधी करीन की नाही, तेही ठाऊक नाही. पण अस्लम माझे होते. त्यांच्यासाठी कोणाला काय शिक्षा द्यायची ते मी ठरवीन, भागोजीदादांनी परस्पर ठरवायचं नाही. शिक्षा एवढीच की गुरुवारी गाडीत बसायचं, शिरेत सुई घ्यायची, आणि म्हातारं होईपर्यंत हे ओझं घेऊन जगायचं. मला भेटायला त्यांना आणू नकोस. बरे झालेले ते माझ्याच्यानं बघवणार नाहीत. तू मात्र त्यांना जेवायला वाढ, त्यांच्यावर खेकस, त्यांच्या हातांकडे बघून वाडी काय म्हणते ते म्हणू दे. मला तुझा हेवा वाटतो, गोदा. सकाळी उठल्यापासून वाटतो. तो कधी संपेल असं काही होऊ देऊ नकोस.

रागावलेली, तरीही तुझीच,
नसीमा